आपले कोण, परके कोण? रक्तातील ओळखीचा शोध

दर तीन आठवड्यांनी आमच्या घरातील कोणीतरी दोघे पहाटेची गाडी पकडून कोकणातून मुंबईला जातात. आमच्या आपांचा धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. त्याच्या शरीरात लाल पेशी नीट तयार होत नाहीत, म्हणून दुसऱ्याचे रक्त चढवावे लागते. आतापर्यंत शंभरावर पिशव्या झाल्या असतील. ज्यांनी हे रक्त दिले त्यांतल्या एकालाही आम्ही ओळखत नाही.

एकदा नर्सबाईंनी रक्ताच्या नळीला एक पांढरी डबी जोडली. पोराने आमच्याकडे पाहून विचारले, "मामू, हे गाळणे कशाला?"

नर्सबाई म्हणाल्या, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळायला."

"त्या वाईट असतात का?"

"वाईट नसतात बाळा, पण परक्या असतात. तुझ्या शरीराला ते कळते."

पोराचे समाधान झाले, आमचे झाले नाही. रक्तगट तर जुळवूनच आणलेला असतो. मग शरीराला परके काय दिसते? ते कशावरून ओळखते? ह्या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा ज्याँ दोसे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाची कहाणी आमच्या हाती आली. वाचक बंधू-भगिनींनो, ही कहाणी प्रयोगशाळेतली असली तरी शेवटी ती आपल्या घरापर्यंत, आपल्या निकाहांपर्यंत येऊन पोहोचते. म्हणून ती येथे सविस्तर मांडत आहोत.

आपली ओळखपत्रे देऊन गेलेला तरुण

ज्याँ दोसे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१६ रोजी फ्रान्समधील तुलूझ शहरात झाला. वडील डॉक्टर होते. मुलानेही तोच मार्ग धरला. शिक्षण चालू असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात गेला. दोसे यांनी देश सोडून उत्तर आफ्रिकेतील स्वतंत्र फ्रेंच सैन्याला जाऊन मिळायचे ठरवले. निघताना त्यांनी आपली ओळखपत्रे पॅरिसमधील एका ज्यू सहकाऱ्याच्या हाती दिली. त्या काळी ज्यू असणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते. दुसऱ्याच्या नावाचे कागद जवळ असल्याने त्या माणसाला शहरात राहता आले. पुढे ज्याने माणसाच्या पेशींवरील ओळखपत्र शोधून काढले, त्याने तरुणपणी स्वतःचे ओळखपत्र परक्याचा जीव वाचवण्यासाठी देऊन टाकले होते.

ट्युनिशियाच्या रणभूमीवर दोसे जखमी सैनिकांना रक्त चढवण्याचे काम करीत. युद्ध संपल्यावर ते पॅरिसच्या सेंट आंत्वान रुग्णालयातील रक्तपेढीत आले. तेथे एका तरुण स्त्रीला 'ओ' गटाचे रक्त दिल्यावर तिची प्रकृती एकाएकी बिघडली. 'ओ' गट म्हणजे सर्वांना चालणारा, असेच तेव्हा सारे मानत. दोसे यांनी शोध घेतला तेव्हा कळले की काही विशिष्ट लसी घेतलेल्या 'ओ' गटाच्या दात्यांच्या रक्तात 'ए' गटाविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे तयार झालेली असतात. प्रतिपिंडे म्हणजे परक्या वस्तूला पकडण्यासाठी शरीराने बनवलेली हत्यारे. तेव्हापासून अशा दात्यांचे रक्त वेगळे ठेवण्याची काळजी घेतली जाऊ लागली.

जे सर्वांना चालते असे आपण समजतो, ते प्रत्यक्षात सर्वांना चालतेच असे नाही. ही गोष्ट त्या तरुण डॉक्टरच्या मनात पक्की बसली.

गोळा होणाऱ्या पांढऱ्या पेशी

१९५२ सालची गोष्ट. दोसे रक्ताच्या रुग्णांवर काम करीत होते. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर पातळ द्रव उरतो त्याला सिरम म्हणतात. अनेक वेळा रक्त घेतलेल्या एका रुग्णाचे सिरम त्यांनी दुसऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशींत मिसळले. पाहता पाहता त्या पेशी एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. तेच सिरम त्याच रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत घातले तर काहीच होत नव्हते.

रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडश्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाल पेशींबाबत असेच काहीसे पाहिले होते. दोसे यांच्या लक्षात आले की पांढऱ्या पेशींवरही काही खुणा आहेत, आणि त्या माणसागणिक वेगळ्या आहेत. ज्या रुग्णाला वारंवार परके रक्त मिळाले, त्याच्या शरीराने त्या परक्या खुणा लक्षात ठेवून त्यांच्याविरुद्ध हत्यारे बनवली होती.

सहा वर्षे ते ह्या कामाला चिकटून राहिले. १९५८ साली त्यांनी पहिली खूण नक्की केली. काही माणसांच्या पेशींवर ती होती, काहींच्या नव्हती. तिला त्यांनी 'मॅक' हे नाव दिले. प्रयोगासाठी आपले रक्त देणाऱ्या तीन स्वयंसेवकांच्या नावांची ही आद्याक्षरे होती. ह्या खुणेला आज एचएलए-ए२ म्हणतात. माणसाच्या पांढऱ्या पेशींवर प्रथम सापडली म्हणून साऱ्या खुणांच्या समूहाला एचएलए हे नाव मिळाले. पण ह्या खुणा केवळ पांढऱ्या पेशींवर नसतात. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर त्या असतात, मग ती त्वचेची असो की मूत्रपिंडाची. परिपक्व लाल पेशी हा मोठा अपवाद आहे. म्हणूनच रक्त चढवताना आपण लाल पेशींचा गट जुळवतो आणि पांढऱ्या पेशी गाळून टाकतो. पोराच्या नळीला जोडलेल्या त्या डबीमागे १९५२ चा तो प्रयोग आहे.

योगायोग असा की त्याच १९५२ मध्ये आपल्या मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध जगापुढे मांडला. ह्या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. पॅरिस आणि मुंबई, दोन्हीकडे रक्ताच्या बाटलीने डॉक्टरांना एकच धडा दिला: माणसामाणसांतले फरक आपण समजतो त्याहून खोल आहेत.

आईच्या रक्तातील साक्ष

त्याच १९५८ साली अमेरिकेत रोझ पेन आणि हॉलंडमध्ये यान व्हान रूड हे दोन संशोधक वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचले. त्यांना ह्या खुणांविरुद्धची प्रतिपिंडे अशा स्त्रियांच्या रक्तात सापडली ज्यांना कधीच परके रक्त दिले गेले नव्हते. मग ती आली कोठून?

उत्तर घराघरात आहे. बाळाला अर्ध्या खुणा आईकडून आणि अर्ध्या वडिलांकडून मिळतात. म्हणजे आईच्या पोटात नऊ महिने वाढणारे बाळ अर्धे तिच्या शरीराला परके असते. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि आईचे शरीर त्या अर्ध्या परक्या खुणांची नोंद घेते. तरीही ते बाळाला हाकलून देत नाही, उलट आपल्या रक्तावर वाढवते. शरीराची सारी शिस्त परक्याला रोखण्याची असताना हे कसे घडते, ह्यावर आजही संशोधन चालू आहे. अल्लाह तआलाच्या कारागिरीपुढे माणूस थक्क होतो तो अशा जागी.

ह्या शोधाचा एक मोठा उपयोग झाला. अनेक मुले झालेल्या मातांच्या सिरमच्या साहाय्याने नवनव्या खुणा ओळखणे शक्य झाले. कित्येक वर्षे जगभरातील प्रयोगशाळा ह्याच मातांच्या रक्तावर चालल्या. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

त्वचेचे छोटे तुकडे

ह्या खुणांचा अवयव बदलण्याशी संबंध आहे, हे सिद्ध करणे बाकी होते. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका रुग्ण स्त्रीवर तिच्या भावाची त्वचा लावून पाहिली होती. ती काही दिवसांत गळून पडली. दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर गळली. शरीराने आधीची ओळख लक्षात ठेवली होती. सख्ख्या भावाची त्वचासुद्धा परकी ठरते, हे तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले. उलट १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते टिकले, कारण ते भाऊ तंतोतंत सारखे जुळे होते.

अमेरिकेतच जॉर्ज स्नेल उंदरांच्या शेकडो पिढ्या वाढवून हाच प्रश्न सोडवत होते. माणसांच्या बाबतीत मात्र उंदरांसारखे प्रयोग करता येत नाहीत. दोसे यांनी पॅरिसमधील रक्तदात्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना विनंती केली. शेकडो लोक पुढे आले. त्यांनी आपल्या हातावर एकमेकांच्या त्वचेचे छोटे तुकडे लावून घेतले. ना पैसा, ना औषध, ना स्वतःचा फायदा. ज्या भावंडांच्या खुणा जुळत होत्या, त्यांच्यातील त्वचा जास्त दिवस टिकली. ज्यांच्या जुळत नव्हत्या, त्यांची लवकर गळाली. आता शंका उरली नाही.

१९८० साली ज्याँ दोसे, जॉर्ज स्नेल आणि व्हेनेझुएलात जन्मलेले बारुख बेनासेराफ ह्या तिघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोसे तेथे थांबले नाहीत. १९८४ साली त्यांनी पॅरिसमध्ये एक केंद्र उभारले. मोठमोठ्या कुटुंबांतील आजी-आजोबा, आईवडील आणि मुले अशा तीन पिढ्यांचे जनुकीय नमुने तेथे जमवले आणि ते जगातील प्रयोगशाळांना वाटले. माणसाच्या जनुकांचा पहिला नकाशा बनवण्यात ह्या कुटुंबांचा मोठा वाटा आहे. ६ जून २००९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, दोसे यांचे निधन झाले.

पेशीच्या दारातील तबक

पण माणसाच्या पेशींवर ह्या खुणा असतातच कशासाठी? डॉक्टरांनी कधीतरी अवयव बदलावेत आणि ते अडावेत, म्हणून तर नक्कीच नव्हे.

ह्याचे उत्तर १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी दिले. प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे जणू एका तबकात ठेवून दाराबाहेर दाखवत असते. एचएलए म्हणजे तेच तबक. रोगप्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी दारोदार फिरतात आणि तबकात काय आहे ते तपासतात. घरचेच पदार्थ असले तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला तर समजतात की ह्या घरात शत्रू शिरला आहे, आणि ते घर पाडून टाकतात. दुसऱ्या माणसाचा अवयव बसवला की तबकच अनोळखी दिसते आणि पहारेकरी धावून येतात. १९८७ साली पामेला ब्योर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या तबकाचा आकार प्रथम उलगडून दाखवला. मधोमध खोबण, आणि त्या खोबणीत धरलेला तुकडा. त्यांनी अभ्यासलेले तबक एचएलए-ए२ चे होते, म्हणजे दोसे यांच्या 'मॅक' खुणेचेच.

प्रत्येक तबकात प्रत्येक तुकडा बसत नाही. एकाच्या तबकात एका विषाणूचा तुकडा चांगला बसतो, दुसऱ्याच्या तबकात दुसऱ्याचा. म्हणून एखादी साथ आली तरी सगळी वस्ती एकदम आडवी होत नाही. १९९१ साली आफ्रिकेतील गांबिया देशात असे आढळले की एचएलए-बी५३ ही खूण असलेल्या मुलांना मलेरियाचा जीवघेणा प्रकार कमी होतो. आज एचएलएच्या ३५ हजारांहून अधिक प्रकारांची नोंद झाली आहे. माणसाच्या जनुकांत इतकी विविधता दुसरीकडे क्वचितच आढळेल. आपल्यातले हे फरक साऱ्या मानवजातीचे संरक्षण आहेत.

ह्या खुणांची दुसरी बाजूही आहे. एचएलए-बी२७ असलेल्यांपैकी काहींना पाठीचा कणा ताठरत जाण्याचा आजार होतो. बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून केवळ रिपोर्टात ती खूण दिसली तर घाबरू नये. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन ह्या औषधाने काही जणांच्या अंगावर भयंकर फोड येतात. त्याचा संबंध एचएलए-बी १५:०२ ह्या खुणेशी असल्याचे २००४ साली तैवानमधील संशोधकांनी दाखवले. कोणतेही औषध मनाने बंद करू नये. पण नवी गोळी सुरू केल्यावर अंगावर चट्टे उठले किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

चार खणांची चौकट

आता आमच्या घरी परत येऊ. थॅलेसेमियातून कायमचे बरे होण्याचा सर्वात रुळलेला मार्ग म्हणजे बोन मॅरोचे, म्हणजे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. भारतात हे काम १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरू झाले. मूत्रपिंडाच्या वेळी खुणा पूर्ण जुळल्या नाहीत तरी औषधांनी निभावता येते. अस्थिमज्जेत मात्र दात्याचे पहारेकरीच रुग्णाच्या शरीरात जातात. त्यांना नवे घर परके वाटले तर ते घरावरच हल्ला करतात. म्हणून येथे खुणा जुळणे फार महत्त्वाचे असते.

तपासणीसाठी आम्ही सारे गेलो होतो. पोराची अकरा वर्षांची बहीण, नऊ वर्षांचा भाऊ, आपा आणि दुल्हाभाई. डॉक्टरांनी कागदावर चार खणांची चौकट काढली. ह्या खुणांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा एकगठ्ठा मुलाकडे जातात. आईकडे दोन गठ्ठे, वडिलांकडे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एक मिळतो. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धे जुळण्याची चारात दोन, आणि मुळीच न जुळण्याची चारात एक. दोन भावंडे असली तर त्यांतले एक तरी पूर्ण जुळण्याची शक्यता सोळात सात होते.

रिपोर्ट आला. बहीण अर्धी जुळली, भाऊ मुळीच जुळला नाही. नऊ वर्षांचा तो पोर घरी येऊन रडला. त्याला वाटले, आपण भावाच्या उपयोगी पडलो नाही. आपांनी त्याला जवळ घेऊन समजावले की हे कोणाच्या हातातले नसते.

कागदाच्या मागील बाजूला डॉक्टरांनी तशीच दुसरी चौकट काढली होती. ती थॅलेसेमियाची होती. आई आणि वडील दोघेही ह्या आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक म्हणजे ज्याच्या जनुकांच्या जोडीतले एक बिघडलेले आणि एक चांगले आहे असा माणूस. तो स्वतः धडधाकट असतो. फार तर रक्त थोडे कमी भरते, म्हणून त्याला कळतही नाही. आणखी एक मूल होऊ दिले तर ते निरोगीही निघेल आणि दाताही बनेल, असे पुष्कळांना वाटते. हिशेब केला तर दोन्ही गोष्टी एकदम घडण्याची शक्यता सोळात केवळ तीन आहे. केवळ ह्या आशेवर पाऊल टाकण्यापूर्वी तज्ज्ञांशी बोलणे आवश्यक आहे.

घरातल्या घरात निकाह

ही गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण लिहायला हवी. दुल्हाभाई आमच्या सख्ख्या फुफीचे चिरंजीव. स्थळ पाहायला कोठे जावे लागले नाही. घराणे माहीत, स्वभाव माहीत, मुलगी नजरेसमोर राहणार, ह्या आनंदात सारे होते. दोघांची रक्ततपासणी करावी हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

चुलत, मामे, आते, मावस भावंडांमध्ये लग्न झाले म्हणून आजार होतोच असे नाही. अशी हजारो कुटुंबे निरोगी मुलाबाळांसह नांदत आहेत. पण आजोबा-आजींकडून आलेले तेच बिघडलेले जनुक दोघांकडेही असण्याची शक्यता नात्यात वाढते. दुसरीकडे, नात्याबाहेर लग्न केले म्हणजे सुटलो असेही नाही. भारतात शंभरात सुमारे तीन ते चार लोक थॅलेसेमियाचे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत हे प्रमाण अधिक आहे. म्हणजे तपासणीची गरज सर्वांनाच आहे.

तपासणी साधी आहे. एचबी ए-टू नावाची रक्ताची एक चाचणी असते आणि ती बहुधा आयुष्यात एकदाच करावी लागते. दोघांपैकी एकच वाहक निघाला तर मुलांना थॅलेसेमिया मेजर होत नाही. इराणने १९९७ पासून लग्नाआधी ह्या आजाराची तपासणी देशभर सुरू केली. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहापूर्वी ती सक्तीची आहे. आपल्याकडे कोणी सक्ती करण्याची वाट का पाहावी? स्थळ पाहताना आपण घर, शिक्षण, नोकरी विचारतो. त्यात हा एक कागद वाढवला तर कोणाचा अपमान होत नाही. बोलणी पक्की होण्याआधी, दोन्ही बाजूंनी, गुपचूप आणि इज्जतीने हे करता येते. वाहक असणे हा ऐब नाही, हेही मुलींच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावे. दोष सुनेच्या माथी मारण्याची सवय आपल्याकडे आहे. चौकट सांगते की आजार आई आणि वडील दोघांकडून येतो.

नात्यातील निकाहांमुळे आणखी एक गोष्ट घडते. अशा घराण्यांत सख्ख्या भावंडांबाहेरचा नातलगही पूर्ण जुळण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते. म्हणून डॉक्टरांनी सुचवल्यास चुलत-मावस नातलगांचीही तपासणी करून घ्यावी. आमच्याकडे ती चालू आहे.

अनोळखी हात

घरात कोणी जुळले नाही तर? तेव्हा परक्यांचा शोध घ्यावा लागतो. जगभरात चार कोटींहून अधिक लोकांनी स्वेच्छेने दाते म्हणून नोंदणी केली आहे. खुणांचे प्रकार वंशागणिक बदलतात, म्हणून आपल्या भागातील मुलाला जुळणारा माणूस बहुधा आपल्याच भागात सापडतो. भारतातील नोंदणी मात्र आपल्या लोकसंख्येच्या मानाने फारच तोकडी आहे.

नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, बस्स. पुढे कधी कोणाशी जुळले, तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शने देऊन हातातील रक्तवाहिनीतून, यंत्राच्या मदतीने, मूळ पेशी गोळा केल्या जातात. काही तास लागतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. पाठीचा मणका फोडतात हा निव्वळ गैरसमज आहे. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीरात पुन्हा भरून येतात.

हे जायज आहे का, असा प्रश्न घराघरात विचारला जातो. १९८८ साली जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात उलेमांनी ह्यावर चर्चा केली. रक्त आणि त्वचेप्रमाणे जे पुन्हा भरून येते, ते दुसऱ्याला देणे ठराविक अटींसह जायज ठरवण्यात आले. दाता समजदार असावा आणि त्याच्या जिवाला धोका नसावा, हा त्यातला गाभा आहे. मनात शंका असेल तर आपल्या विश्वासातील आलिमांना अवश्य विचारावे.

पूर्ण दाता न मिळाल्यास अर्धे जुळणाऱ्या आई, वडील किंवा भावंडाकडूनही आता प्रत्यारोपण होऊ लागले आहे. त्यात धोका अधिक असतो आणि निर्णय डॉक्टरांसोबत विचार करूनच घ्यावा लागतो. मुलाचे वय जितके कमी आणि शरीरात साचलेले लोह जितके कमी, तितकी यशाची आशा जास्त. म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नये. खर्चासाठी 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' आहे. २०१७ पासून कोल इंडियाच्या निधीतून ठरावीक रुग्णालयांत पात्र मुलांना १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. अटी काय आहेत ते रुग्णालयातील समाजसेवकांना विचारावे.

गेल्या ईदला आमच्या घरी सारे जमले होते. शीरखुर्मा झाल्यावर आपांनीच विषय काढला. घरातील सर्व लग्नाळू मुलामुलींची रक्ततपासणी करायची, आणि अठरा वर्षांवरील ज्यांची प्रकृती ठीक आहे त्यांनी दाते म्हणून नोंदणी करायची, असे ठरले. फुफी सुरुवातीला नाराज झाल्या. "म्हणजे आमच्या रक्तात खोट होती असे म्हणायचे का?" त्यांनी विचारले. आपा म्हणाल्या, "खोट कोणाच्याच रक्तात नव्हती फुफी, आपल्याला माहिती नव्हती." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग फुफींनीच आपल्या नातीला हाक मारून सांगितले, "तुझी बोलणी चालू आहेत ना? आधी तू जाऊन ये."

पुढच्या फेरीला आम्ही पोराला ज्याँ दोसे यांची गोष्ट सांगितली. ओळखपत्रे देऊन टाकणारा तरुण त्याला सर्वात आवडला. पिशवीतले रक्त थेंबथेंब उतरत होते. त्याने विचारले, "मामू, हे रक्त ज्याने दिले, तो मला ओळखतो का?"

आम्ही म्हणालो, "नाही."

"मग तरी दिले?"

त्याचे बाकीचे प्रश्न पुढच्या फेरीसाठी राखून आम्ही त्याच्या अंगावर चादर ओढली. इन्शाअल्लाह, त्याच्या खुणा जुळणारा कोणीतरी कोठेतरी असेल. त्याने अजून नोंदणी केली नसेल, एवढेच. वाचकहो, तो तुमच्यापैकीही कोणी असू शकतो.